आधी चून, मग पीठ

चवथीच्या आदल्या दिवशी आमच्या घरी नेवऱ्या व्हायच्या. आईचा एक दंडक होता. खोबऱ्या-गुळाचे चून तयार होऊन चुलीवरून खाली उतरेपर्यंत ती कोणालाही पिठाला हात लावू देत नसे. "आधी चून किती झाले ते बघ. मळलेले पीठ उरले तर त्याचे काय लोणचे घालू?" एका वर्षी काकीने हौसेने आधीच पीठ मळले आणि नारळ निघाले खवट. ते पीठ शेवटी गुरांना गेले. काकी तो किस्सा अजून सांगते.

2006 च्या चवथीला मात्र चून ढवळता ढवळता आई मध्येच पाटावर टेकली. "म्हाका कांय जांवक ना," म्हणाली. दोन-तीन वर्षे तिची चाल मंदावली होती. जिना चढताना थांबायची. आम्ही म्हणायचो, वय झाले. वय किती? सत्तेचाळीस!

हिमोग्लोबिन निघाले 6.4. खाली लिहिले होते, 'मायक्रोसायटिक, हायपोक्रोमिक', म्हणजे तांबड्या पेशी लहान आणि फिकट. डॉक्टरांनी विचारले, "काकी, पाळीचा त्रास किती वर्षे आहे?" आईने माझ्याकडे पाहिले. मी उठून बाहेर गेलो. चार वर्षे होता, असे नंतर कळले. पाच माणसांच्या घरात एकालाही पत्ता नव्हता.

ते 'लहान आणि फिकट' शब्द मला फार लागले. उपाशी पोरासारख्या पेशी डोळ्यांसमोर यायच्या. लोह नाही म्हणून बिचाऱ्या खुरटल्या, असाच माझा समज. पुढे वाचत गेलो तेव्हा कळले की प्रकार वेगळा आहे. पेशी नुसती खुरटत नाही. ती हात आखडता घेते.

एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे 27 कोटी रेणू असतात. प्रत्येकात ग्लोबिन नावाच्या प्रथिनाच्या चार साखळ्या, प्रत्येक साखळीच्या पोटात एक हीम आणि हीमच्या मध्यभागी लोहाचा एक अणू. म्हणजे नेवरीच म्हणा ना. ग्लोबिन हे पीठ, हीम हे चून.

आता पीठ मळायचे की नाही हे ठरते कुठे? प्रथिने बनतात रायबोसोमवर, आरएनएच्या पट्टीवरचा निरोप वाचून. पण वाचन सुरू होण्याआधी पहिले अमिनो आम्ल कोणीतरी आणून द्यावे लागते. ते काम ईआयएफ-2 नावाच्या प्रथिनाचे. एकदा सुरुवात करून दिली की त्याची ताकद संपते. मग ईआयएफ-2बी या दुसऱ्या प्रथिनाकडे जाऊन ते पुन्हा ताजेतवाने होते. कदंबच्या कंडक्टरने दर फेरीनंतर डेपोच्या खिडकीवर जाऊन तिकिटांचा नवा गठ्ठा घ्यावा, तसे समजा.

पेशीत एचआरआय नावाचे एक विकर असते. हीम पुरेसे असले की ते हीमच त्याला चिकटून त्याला गप्प ठेवते. हीम कमी पडले की ते जागे होते आणि ईआयएफ-2 वर एक फॉस्फेट डकवते. असा डकवलेला कंडक्टर खिडकीला जो चिकटतो तो हलत नाही. खिडक्या मुळातच थोड्या. त्यामुळे थोडे कंडक्टर अडले तरी सगळ्या फेऱ्या बंद. वाटेत असलेल्या गाड्या मुक्कामाला पोचतात, नवीन सुटत नाही. अर्धवट काही उरत नाही. आईला हे पटले असते.

हे गूढ 1960 च्या दशकाच्या अखेरीस सशाच्या कोवळ्या तांबड्या पेशींच्या अर्कात दिसू लागले होते. हीम घातले नाही तर काही मिनिटे प्रथिने व्यवस्थित बनायची आणि मग एकदम थांबायची. पुढे 2001 साली वेगळ्याच शोधासाठी नोबेल मिळालेले टिम हंट यांनी उमेदीची कित्येक वर्षे या प्रश्नापाठी घालवली.

पण खरी गंमत (गंमत तरी कशी म्हणू?) 2001 मध्येच अमेरिकेत एमआयटीच्या जेन-जेन चेन यांच्या गटाने दाखवली. त्यांनी एचआरआय नसलेले उंदीर घेतले आणि त्यांना लोह कमी असलेले अन्न दिले. त्यांच्या पेशी लहान झाल्याच नाहीत! वरून पाहाल तर ठणठणीत. आत मात्र हीमविना उरलेल्या ग्लोबिनचा साका बसला, कोवळ्या पेशी मरू लागल्या आणि तांबड्या पेशींची संख्याच घटली. लहान पेशी ही बचावलेली पेशी होती.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. आईही चार वर्षे अशीच माप कमी करत जगली होती. जिना दोन टप्प्यांत, मासळीबाजार आठवड्यातून एकदा, जेवण सगळ्यांच्या शेवटी. काही सांडले नाही, काही करपले नाही, म्हणून आम्हाला काही दिसलेच नाही. आणि एचआरआय कितीही शहाणे असले तरी लोह काही पैदा करत नाही. ते बाहेरूनच यावे लागते.

आईवर उपचार झाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. जेवणानंतरचा चहा बंद झाला, त्यावरून आठ दिवस घरात अबोला होता. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासले. अहवालात दोन तऱ्हेच्या पेशी होत्या, जुन्या लहान फिकट आणि नव्या भरलेल्या, एकाच थेंबात. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. त्या हिशेबाने जुन्या पेशी फेब्रुवारीपर्यंत संपल्या असणार. त्या चार वर्षांविषयी मात्र आई आजवर एक शब्द बोललेली नाही.