आखाजीनंतर पेटी नाही

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की मी अंडी उबवायची पेटी कोणाला विकत नाही. अमळनेरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीच्या मोटारी, पंखे, कूलरचे पंप हा धंदा. थर्माकोलच्या पेट्या हा नाद. उन्हाळ्यात शेतात काम नसतं, पोरं घरी असतात, म्हणून नेमकी त्याच दिवसांत माणसं येतात. "भाऊ, वीस अंड्यांची पेटी द्या." मी सांगतो, मृग बरसू द्या, मग या. काही जण रागावून जातात. पैसे समोर दिसत असताना दुकानदार नाही म्हणतो, हे त्यांना पटत नाही.

पेटीत असतं काय? दोन बल्ब, कॉम्प्युटरमधला छोटा पंखा, पाण्याची ताटली आणि डब्ल्यू १२०९ नावाचं तापमान राखणारं छोटं सर्किट. अंड्याला हवी ३७.५ अंशांची ऊब. त्याखाली उतरलं की बल्ब लागतो, वर चढलं की विझतो. म्हणजे पेटीला गरम करता येतं, गार करता येत नाही. आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या घरात जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वाईट. बल्ब विझलेले आणि तरी आत ४१ अंश, असं दिवसभर राहिलं तर अंड्यातला जीव वाचत नाही. पेटीचा त्यात काही दोष नाही. पेटी ज्या खोलीत ठेवली, ती खोलीच उबवणीच्या लायकीची नाही.

माझी माय वैशाखात कोंबडीसुद्धा बसवायची नाही. कोंबडी खुडूक झाली तरी तिला टोपल्याखाली झाकून, पाण्यात पाय बुडवून तिचं खुडूकपण मोडायची. हे मला तेव्हा निर्दयपणाचं वाटे. बाकीच्या दिवसांत मात्र ती टोपल्यात राख आणि भुसा घालून दहा-बारा अंडी मांडायची, एक लोखंडी खिळा ठेवायची, आणि एकवीस दिवस त्या कोपऱ्यात कोणाला फिरकू द्यायची नाही. कोंबडी दिवसातून एकदा उठायची, दाणापाणी करून वीसेक मिनिटांत परत यायची. चोचीनं अंडी फिरवायची. काठावरची मधे, मधली काठाला. आज मी जे काही तारा जोडून करतो, ते सगळं ती बसल्या जागी करत होती.

ही पेटी माझ्या घरात आली ती एका वाईट वर्षामुळे. २००६च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिला. मार्चमध्ये तो आमच्या जळगाव जिल्ह्यात पोचला: सावदा, मारूळ, हातेड, साळवे. नवापूरला पोल्ट्रीचे मोठमोठे शेड होते. आमच्याकडे होत्या त्या अंगणातल्या कोंबड्या. माझ्या मावशीचं गाव साळव्याजवळ. साथ थांबवायला तिच्या अकरा कोंबड्या मारण्यात आल्या. ते करणं भागच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुढं वर्षभरानं तिनं गावरान अंडी मिळवली तेव्हा त्यांवर बसवायला आसपास एकही खुडूक कोंबडी नव्हती. पोल्ट्रीतल्या अंडी देणाऱ्या जातींचं खुडूकपण तर माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घालवलेलं, कारण खुडूक कोंबडी अंडी देणं थांबवते. मावशी माझ्याकडे आली. म्हणाली, तू मोटारी जित्या करतोस, एवढी ऊब तुला करता येणार नाही का?

पहिली पेटी मी हातानं चालवली. एक बल्ब, एक बटण, आणि ताप मोजायचा पाऱ्याचा थर्मामीटर. तो एकदा चढला की आपोआप उतरत नाही, दर वेळी झटकावा लागतो. रात्रभर दर अर्ध्या तासाला उठून झटकायचा, ठेवायचा, बघायचा. एकवीस दिवसांनी चौदा अंड्यांतून दोन पिल्लं निघाली. पण तो थर्मामीटर मी अजून सोडलेला नाही. बाजारात मिळणारे आकडे दाखवणारे थर्मामीटर एकेक-दीडदीड अंश खोटं बोलतात, आणि उबवणीत एक अंश म्हणजे फार झाला. तापाचा थर्मामीटर याच टप्प्यात अचूक राहावा म्हणून बनवलेला असतो. पेटीत पाच मिनिटं ठेवला आणि ९९.५ फॅरनहाइट दाखवला, की मी सर्किटवर विश्वास ठेवतो.

माय अंडं पापणीला लावून बघायची. पुढं वाचनात आलं की इजिप्तमधल्या मातीच्या उबवणी-भट्ट्यांवरचे कारागीरही शेकडो वर्षं हेच करत होते. शेणाचा विस्तव, हजारो अंडी, आणि माप म्हणजे डोळ्याची पापणी. १७४९ साली रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञानं त्या विद्येवर ग्रंथ लिहिला. त्याच्या नावाचं तापमापक युरोपात चाललं. थर्मामीटर घडवणारा माणूस पापणीनं मोजणाऱ्यांकडून शिकला, हे मला फार मोठं वाटतं.

आता ज्या खेपेनं मला आखाजीचा नियम शिकवला, ती सांगतो. एप्रिलअखेरीस चोपड्याच्या पलीकडून, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून तीस अंडी आणली. मोटरसायकलला पिशवी लावून, भर दुपारी. घरी दोन दिवस फळीवर ठेवली, मग पेटीत लावली. पेटी मी कूलरसमोर ठेवली होती, तापमान एकदाही हललं नाही. सातव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात बघितलं, तर एकोणीस अंड्यांत रक्ताची गोल कडी. जीव धरला होता आणि गेला होता. मी सर्किट बदललं, बल्ब बदलले. चूक तिथं नव्हतीच. अंडं साधारण २० अंशांखाली असलं तर निजून राहतं. त्याच्या वर, पंचविशीच्या पुढं, आतला जीव अर्धवट जागा होतो. आमच्या फळीवर ३८ अंश होते. ती अंडी पेटीत जायच्या आधीच उबायला लागली होती, रात्री थांबली, दिवसा पुन्हा लागली. अशा धरसोडीत अशक्त झालेला जीव पुढं पेटीत टिकत नाही. तेव्हापासून अंडी पहाटे आणतो, माठाच्या बुडाशी ओल्या गोणपाटावर ताट ठेवून त्यात ठेवतो, आणि सात दिवसांपेक्षा जुनी लावत नाही.

उन्हाळ्याचं दुसरं दुखणं म्हणजे कोरडी हवा. पुस्तकात लिहिलेलं असतं, पहिले अठरा दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के ठेवा. आमची वैशाखातली दुपार इतकी सुकी असते की ताटलीभर पाणी बघताबघता उडतं. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात, त्यातून आतलं पाणी सतत जात असतं. ते जायलाच हवं, म्हणजे बोथट टोकाशी हवेची पोकळी वाढते आणि पिल्लाला पहिला श्वास तिथं मिळतो. पण जास्त गेलं तर आतला पापुद्रा चामड्यासारखा होतो, पिल्लू त्यात आवळलं जातं. कमी गेलं, आमच्याकडे श्रावणात होतं तसं, तर पिल्लू फुगलेलं राहतं आणि त्याच ओलीत गुदमरतं.

आर्द्रतेच्या स्वस्त मीटरवर माझा भरवसा नाही. मी काट्यावर अंडी तोलतो. जळगावच्या सराफी पेठेतून एक वापरलेला डिजिटल काटा आणला, सोनं तोलायचा. गावरान अंडं ४२ ग्रॅमचं असेल तर अठराव्या दिवशी ते सुमारे ३७ ग्रॅम भरलं पाहिजे. म्हणजे वजनाचा आठवा-नववा हिस्सा गेला पाहिजे. पहिल्या आठवड्यात दोन ग्रॅम. तीन गेले तर पाणी वाढवतो, एकच गेला तर ताटली काढून घेतो. आणि पाणी वाढवणं म्हणजे ताटली खोल करणं नाही. पाणी उडतं ते वरच्या पसाऱ्यातून, म्हणून पसरट ताटली घ्यायची किंवा त्यात कापडाची घडी उभी करायची. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल, आणि खाली वजनांची उतरंड लिहितो. अठराव्या दिवशी ती अंडी वाण्याच्या खतावणीसारखी दिसतात.

थंडीचं काम त्या मानानं सोपं. धुळ्याला माझी बहीण असते. जानेवारीत तिथल्या कृषी महाविद्यालयाची नोंद पाच-सहा अंशांपर्यंत उतरते. पेटी आतल्या खोलीत ठेवली की भागतं. एका वर्षी मात्र घरच्यांनी मायेनं पेटीवर गोधडी टाकली आणि हवेची भोकं झाकली गेली. पुरी वाढलेली नऊ पिल्लं कवचातच गेली. वाढत्या पिल्लाला ऊब लागते तशी हवाही लागते, शेवटच्या आठवड्यात तर सर्वांत जास्त. लाइट गेल्याची मला तितकी भीती नाही. शेवटच्या दिवसांत पिल्लं स्वतःच ऊब देतात. गरम पाण्याच्या दोन बाटल्या आत ठेवल्या आणि झाकण उघडलं नाही, तर तीन-चार तास निभावतात.

अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवायची नाहीत, ओल ६५-७० टक्क्यांवर न्यायची आणि झाकणाला हात लावायचा नाही. विसाव्या दिवशी आतून आवाज येतो. पिल्लानं पापुद्रा फोडून पोकळीत चोच घातलेली असते. मग कवचावर एक तारा उमटतो. आणि मग कित्येक तास काहीच होत नाही. माणसाचा कस तिथं लागतो. एका श्रावणात कवचाला भोक पडून आठ तास झाले, पिल्लू दमलेलं वाटलं. मी चिमट्यानं कवच सोलायला घेतलं. दुसऱ्याच तुकड्याला रक्त आलं. माय मागून म्हणाली, "ऱ्हाऊ दे, त्याले येऊ दे." उशीर झाला होता. ते आठ तास पिल्लू थकून पडलेलं नसतं. कवचाच्या अस्तरातल्या रक्तवाहिन्यांतलं रक्त ते स्वतःत ओढून घेत असतं, उरलेला बलक पोटात घेत असतं. त्याच बलकावर ते बाहेर आल्यावर दोन-तीन दिवस दाण्यावाचून राहू शकतं. पहिल्या भोकापासून बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागतात, आणि ते त्याचेच असतात. आता मी त्या रात्री दुकानात झोपतो.

गेल्या कार्तिकात लावलेल्या चोवीस अंड्यांतून एकोणीस पिल्लं निघाली. उरलेली पाच मी अंगणात नेऊन फोडली. दोन बीज न धरलेली, एक चौथ्या-पाचव्या दिवशी थांबलेलं, दोन पुरी वाढून उलटी बसलेली, डोकं निमुळत्या टोकाकडे. ती दोन अंडी मीच ताटात चुकीच्या टोकावर उभी केली होती, वहीत तशी नोंद सापडली. पेटी घेणाऱ्या प्रत्येकाला मी एक वही देतो आणि एवढंच मागतो: न निघालेली अंडी उकिरड्यावर टाकू नका. फोडून बघा, दिवस लिहा, आणि मृगानंतर पुढची खेप लावायच्या आधी ती वही घेऊन दुकानात या.