वस्तीचं मत उघड्यावर

मतदान गुप्त असतं हे आपण शाळेत पाठ केलं. पुठ्ठ्याच्या आडोशामागं माणूस एकटा जातो. बटण दाबतो. काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते अन् खाली पडते. त्या सात सेकंदांत त्याच्यावर कुणाची मालकी नसते. खरंय. एका माणसाचं मत गुप्तच राहतं.

पण वस्तीचं मत गुप्त राहत नाही. मोजणी संपते न संपते तोच ते गावाच्या हातात पडलेलं असतं. आणि दोस्तहो, गावानं आपल्याला एकेकटं कधी मोजलंच नाही. वस्तीनंच मोजलं. वस्तीनंच दंड केला.

हे कसं होतं ते नीट समजून घ्या. मतदार यादीचे भाग पाडतात. यादी घरोघर फिरून होते, म्हणून एका वाड्याची नावं ओळीनं एकाखाली एक येतात. गाव मोठं असलं तर शाळेच्या दोन-तीन खोल्यांत दोन-तीन केंद्रं. आपली सगळी नावं त्यातल्या एकाच खोलीत. त्या खोलीतलं मशीन वेगळं मोजलं जातं. त्याचा आकडा नमुना २० मध्ये वेगळ्या ओळीत चढतो, आणि तो कागद जाहीर होतो. मोजणी एजंटाला तर कागदाचीही वाट बघावी लागत नाही. मोजणीच्या टेबलाशी तो पेन घेऊनच बसलेला असतो.

आमच्या भागातलं एक गाव. नाव घेत नाही, माणसांना तिथंच राहायचंय. २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेचा निकाल लागला. दुसऱ्या दिवशी वाड्यातला एक म्हातारा किराणा आणायला गेला. सत्तरीच्या माणसाला तिशीचा पोरगा विचारतो,

"काय रे, यंदा वाडा फिरला म्हणं."

"न्हाई मालक. आपल्यालाच टाकलं."

"मग मिशिन खोटं बोलतं का? शाळंच्या त्या खोलीत तुमच्याबिगर हाये कोण?"

बस्स. एवढंच बोलणं. कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. कापूस फुटून शेतं पांढरी झालेली. दरसाली वाड्यातल्या बाया वेचणीला जायच्या. त्या हप्त्यात त्यांना कुणी बोलावलं नाही. दुसऱ्या गावाहून टेम्पो भरून बाया आल्या. म्हाताऱ्यानं खरंच कुणाला मत दिलं ते त्याचं त्याला ठाऊक. त्याचं मत गुप्त राहिलं आणि त्याच्या सुनेची मजुरी बुडाली.

कायदा नाही का? आहे. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू आहे. आपल्या माणसाला अमक्याला मत दे म्हणून धमकावणं गुन्हा. मतदान झाल्यावर मारहाण करणं, सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणं, बहिष्काराची धमकी देणं, तोही गुन्हा. म्हणजे मतानंतर सूड उगवतात हे संसदेला ठाऊक आहे. मग त्या सुडाला पत्ता कोण पुरवतं? नमुना २० पुरवतो. एक सरकारी कागद सूड घेऊ नका म्हणतो, दुसरा सरकारी कागद कुणावर घ्यायचा ते सांगतो. आणि 'वेचणीला बोलावलं नाही' एवढ्यावर ठाण्यात फिर्याद कशी लिहून घेतात, ते आपल्या कार्यकर्त्यांना मी सांगायला नको.

हे फक्त खेड्यातल्या टोपीवाल्यांचं डोकं नाही. २०१९ च्या लोकसभेला सुलतानपूरच्या प्रचारात मेनका गांधींनी भर सभेत हिशेब सांगितला : किती टक्के मतं मिळाली त्यावर गावांची ए, बी, सी, डी अशी वर्गवारी, आणि कामं त्याच क्रमानं. निवडणूक आयोगानं त्यांना समज दिली. समज बोलण्याला दिली. ज्या आकड्यांवर ही वर्गवारी होते ते आकडे जिथल्या तिथं.

कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा यावर एक इलाज होता. १९६१ च्या निवडणूक नियमांतला नियम ५९ अ. आयोगानं सांगितलं तर वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका आधी एकत्र मिसळायच्या, मग मोजायच्या. भाकरीच्या पिठात कुणाची ज्वारी किती ते जसं ओळखू येत नाही, तसं. २००४ च्या लोकसभेत देशभर मशीन आलं आणि ही मिसळण गेली. मशीन आपल्या खोलीचाच आकडा सांगतं. २००८ साली आयोगानं टोटलायझर नावाचं यंत्र सुचवलं. चौदा केंद्रांपर्यंतची मशीनं जोडायची आणि एकच बेरीज काढायची. विधी आयोगानं मार्च २०१५ मधल्या २५५ व्या अहवालात त्याला दुजोरा दिला. केंद्र सरकारनं २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात विरोध केला. केंद्रवार आकडे कळले तर कुठं कमी पडलो ते कळतं आणि तिथं जास्त काम करता येतं, असं त्यांचं म्हणणं. वेचणीला टेम्पो आणणाऱ्यालाही तेच कळतं.

पण टोटलायझरची बाजू घेताना मला मारकडवाडी आठवते. सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस मतदारसंघातलं गाव. २०२४ च्या विधानसभेत आपल्या गावचे आकडे पटत नाहीत म्हणून तिथल्या लोकांनी ३ डिसेंबरला कागदी मतपत्रिकेवर स्वतःच मतदान घ्यायचं ठरवलं. पोलिसांनी होऊ दिलं नाही. त्यांची शंका खरी की खोटी हा वाद इथं नको. मुद्दा असा, की त्यांना शंका घेता आली, कारण गावचा आकडा वेगळा छापलेला होता. सगळं एकत्र मिसळलं तर चोर कुठं शिरला तेही कळणार नाही. म्हणजे आकडा झाकला तर मोजणीवरचा डोळा जातो. आकडा उघडा ठेवला तर वस्ती उघडी पडते.

वेगळ्या केंद्राचंही तसंच आहे. दुर्बल घटकांच्या वस्तीत, मतदार कमी असले तरी, केंद्र द्यावं असं आयोगाच्याच मार्गदर्शनात आहे. ही मागणी आपण केली आणि करत राहिलं पाहिजे. पाटलाच्या ओट्यासमोरून मान खाली घालून मताला जाणं ज्यानं बघितलंय, त्याला या केंद्राची किंमत विचारा. पण वेगळं केंद्र म्हणजे वेगळं मशीन, आणि वेगळं मशीन म्हणजे फक्त आपला, निव्वळ आपला आकडा. वाट सुरक्षित होते आणि मत नागवं होतं.

मग करायचं काय? माझं म्हणणं साधं आहे. मतदाराला केंद्र निवडू द्या. एका मतदारसंघात सगळ्या मशीनवर तेच उमेदवार असतात, तीच चिन्हं. २०२४ च्या विधानसभेला महाराष्ट्रात १ लाख १८६ केंद्रं होती. २८८ मतदारसंघ. म्हणजे दर मतदारसंघात सरासरी साडेतीनशेच्या आसपास. त्यातलं कुठलंही एक माझं असू द्या. मी बाजाराच्या गावी टाकीन, कामाच्या ठिकाणी टाकीन, नाहीतर वस्तीतच टाकीन. आकडा केंद्रवार छापा, खुशाल छापा. मोजणीवर डोळा राहील. पण त्या आकड्यावर कुणाची जात लिहिलेली नसेल. शाळेच्या त्या खोलीत तुमच्याबिगर कोण हाये, असं म्हाताऱ्याला कुणी म्हणू शकणार नाही. कोण कुठून येऊन टाकून गेलं, काय सांगावं?

हे स्वप्न नाही. आपल्याच देशात काही लोकांना ही सोय आहे. शाळेतले मास्तर मतदानाच्या कामावर जातात. त्यांना निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र मिळतं. मतदारसंघ तोच असला तर ते दाखवून ज्या केंद्रावर ड्यूटी त्याच केंद्रावर त्यांचं मत होतं. काश्मीरमधून विस्थापित झालेल्यांसाठी जम्मू, उधमपूर, दिल्लीत खास केंद्रं असतात. ऑस्ट्रेलियात मतदार आपल्या मतदारसंघातल्या कुठल्याही केंद्रावर जातो. अमेरिकेत कोलोराडोच्या लॅरिमर कौंटीनं २००३ साली गल्लीगल्लीचं ठरलेलं केंद्र बंद करून कुठंही मत टाका अशी मोठी केंद्रं उघडली. सगळ्या केंद्रांवर यादी संगणकानं जोडलेली. एकीकडं नाव खुडलं की सगळीकडं खुडलं जायचं.

गावोगाव तशी जोडलेली यादी कधी येणार, असं म्हणाल. बँकेचं खातं, रेशनचा अंगठा, सगळं जोडून झालं. मताचंच तेवढं राहिलं. आणि शाई तर १९६२ पासून आहेच. पिंगळीत बोटाला लावलेली शाई परभणीला पोचेपर्यंत काही पुसत नाही.

मला ही गोष्ट कामावर सुचली. मी परभणीला सरकीच्या तेलगिरणीत आहे. नाव पिंगळीच्या यादीत. २६ एप्रिल २०२४ ला लोकसभेचं मतदान. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ ख म्हणतं, मतदानाच्या दिवशी कामगाराला पगारी सुट्टी, रोजंदारीवाल्यालाही. सुट्टी दिली नाही तर मालकाला दंड पाचशे रुपयांपर्यंत. पाचशे रुपये! मुकादमानं दोन तास दिले. दोन तासांत पिंगळीला जाऊन रांगेत उभं राहून परत कसं यायचं? पॅसेंजर तुमच्यासाठी थांबत नाही. मी गेलो, आणि रोज बुडाला. बाकीची पोरं गेली नाहीत. गिरणीच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर शाळेत मतदान चालू होतं. मतदारसंघ परभणीच. उमेदवार तेच, चिन्हं तीच. पोरं टाकीवर पाणी प्यायला जात, शाळेपुढची रांग बघत आणि परत घाण्यावर येत.

ऊस तोडायला, वीटभट्टीला दूर गेलेल्यांचं तर बोलूच नका. डिसेंबर २०२२ मध्ये आयोगानं त्यांच्यासाठी दुरून मतदानाचं मशीन जाहीर केलं. एकाच मशीनवर ७२ मतदारसंघ. १६ जानेवारी २०२३ ला ते पक्षांना दाखवायचं होतं. विरोध झाला, त्या दिवशी प्रात्यक्षिक झालंच नाही. मी मागतोय त्याला नवं मशीन लागत नाही. फक्त यादी जोडावी लागते.

आता धोका. तो लपवायचा नाही. निवड आली की जीपही येईल. ज्याच्याकडं गाडी तो माणसं भरून आपल्याला सोयीच्या केंद्रावर नेईल. म्हणून कुठं जायचं ते मतदारानंच ठरवायचं, आणि केंद्रावर त्याच्या गावचा एजंट यादीवर टिक मारत बसलेला नसला तर अर्धी भीती तिथंच संपते. दुसरा धोका मोठा आहे. टेक्सासमध्ये कुठंही मत टाका ही पद्धत आली, आणि तिच्या आडून काही कौंट्यांनी केंद्रंच कमी केली. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानं भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना असल्या बदलाला आधी मंजुरी घ्यावी लागायची. २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते बंधन निकामी केलं. काळ्या भावांना लांब जावं लागलं. आपल्याकडंही म्हणतील, कुठंही टाकता येतंय ना, मग तुमच्या वस्तीतलं केंद्र कशाला? म्हणून एकदम स्पष्ट सांगायचं : वस्तीतलं केंद्र राहिलंच पाहिजे, निवड त्याच्यावर जादा. म्हातारीनं दोन किलोमीटरच्या आतच मत टाकावं. तिच्या नातवानं गिरणीजवळ टाकावं. दोघांची मतं निरनिराळ्या पेट्यांत पडावी.

१० डिसेंबर २०२४ ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढच्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. आपण रस्त्यावर आलो. त्यानंतर काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. सोमनाथ सूर्यवंशी कोठडीतून जिवंत परत आला नाही. काचेतल्या संविधानासाठी जीव गेला. त्याच संविधानातलं कलम ३२६ सांगतं, मत प्रत्येक प्रौढाला. एक माणूस, एक मत, एक मूल्य, हे बाबासाहेब २५ नोव्हेंबर १९४९ ला बोलले तेव्हा मूल्याचंच काय होणार ही त्यांची काळजी होती. ज्या मतामागून वेचणी बुडते त्याचं मूल्य गावातल्या दुसऱ्या मताएवढं नाही. नियम ५९ अ, नमुना २०, कलम १३५ ख, ही नावं घोषणेत बसत नाहीत. पण लढाई तिथंच पडलीय.

निवडणुकीआधी मतदान केंद्रांची प्रारूप यादी लागते आणि तिच्यावर हरकती मागवतात. ती यादी बघा. वस्तीपासून केंद्रापर्यंतची वाट एकदा स्वतः चालून बघा, कुणाच्या ओट्यापुढून जाते ते लिहा. मागच्या नमुना २० मधली आपल्या केंद्राची ओळ काढा आणि ती वाचून कुणाचं मत कळतं ते साहेबाला दाखवा. जादा निवडीची मागणी त्याच अर्जात घाला. अर्ज दोन प्रतींत करा. एकीवर शिक्का आणि पोच घ्या.

जयभीम.