रडते कुठे, तो टाइमकोड

परवा आमच्या भागातली एक मुलगी भेटायला आली. पत्रकारितेचा डिप्लोमा करतेय. म्हणाली, "सर, मुंबईत चॅनलला इंटर्नशिप मिळतेय. तीन महिने. पैसे देत नाहीत, सर्टिफिकेट देतात. जाऊ का?"

चहा होईपर्यंत मी काही बोललोच नाही.

२००७ साली मीही असाच गेलो होतो. मराठीत चोवीस तास बातम्यांच्या वाहिन्या तेव्हा नुकत्या सुरू होत होत्या. डिप्लोम्याचा कागद घेऊन मी वर्ध्याहून सेवाग्राम एक्स्प्रेस पकडली. वाटलं होतं, गेल्या गेल्या हातात बूम देतील. दिला कागदाचा गठ्ठा आणि पेन. काम काय, तर लॉगिंग.

लॉगिंग म्हणजे जिल्ह्यातून आलेलं फुटेज बसून बघायचं आणि कितव्या मिनिटाला काय आहे ते लिहून काढायचं. पडद्यावर टाइमकोड पळत असतो. तास, मिनिट, सेकंद, फ्रेम. सेकंदाला २५ फ्रेम. बाईट कुठे सुरू होतो, कुठे संपतो, मागे हॉर्न वाजतोय का, सगळं लिहायचं. कंटाळवाणं काम, पण खरं सांगू? बातमी ऐकायची कशी, हे मी तिथेच शिकलो. माणूस कॅमेऱ्यासमोर आधी पाठ केलेलं बोलतो. खरं त्यानंतर येतं, रिपोर्टरने माईक खाली घेतल्यावर.

एका रात्री नागपूरहून यवतमाळचं फीड आलं. शेतकऱ्याची आत्महत्या. स्ट्रिंगरने कॅसेट ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हाती नागपूरला पाठवलेली. त्या बाईचं बोलणं ऐकून माझे कान उभे राहिले, कारण ती माझ्या गावच्या भाषेत बोलत होती. "जमीन सासऱ्याच्या नावावर हाय. साहेब म्हन्ते तुमची केस बसत नाई. मंग तो मेला तो कोनाचा होता?" अडीचेक मिनिटं ती हेच सांगत होती, न रडता. तेव्हा सरकारी मदत १ लाखाची. पण सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज कोणाच्या नावावर, यावरून आत्महत्या 'पात्र' की 'अपात्र' ठरायची. अख्खी बातमी त्या अडीच मिनिटांत होती. मी शब्दन् शब्द लिहिला.

डेस्कवरच्या सिनियरने कागद बघितलाच नाही. विचारलं, "रडते कुठे?"

रडते शेवटी, आठ सेकंद. लेकरू येऊन मांडीवर बसतं तेव्हा. मी टाइमकोड सांगितला. तेवढंच बुलेटिनला गेलं, दिवसभर. मी "सर, ते पात्र-अपात्रचं..." असं तोंड उघडलं होतं. "अरे, आधी शिक." बस. पुढच्या वेळी कोणी विचारायच्या आधीच मी रडण्याचा टाइमकोड वर लिहून त्याला गोल केला होता. त्या गोलाची मला आजही लाज वाटते. शिकाऊ माणूस असाच शिकतो ना, जे खपतं ते.

सगळेच तसे नव्हते. एक कॅमेरामन होते, आम्ही दादा म्हणायचो. त्यांनी सांगितलं, "बोलणं संपलं तरी मनात दहा आकडे मोज, मग कॅमेरा बंद कर." मी अजून मोजतो.

पण मी हे सगळं शिकू शकलो ते कुणामुळे? डोंबिवलीच्या मावशीमुळे. पाच महिने फुकट राहिलो, दोन्ही वेळ जेवलो, लोकलचा पास काकांनी काढून दिला. रात्रपाळीहून पहाटे यायचो तेव्हा मावशी न बोलता दार उघडायची. वाहिनीने छदाम दिला नाही. माझ्या प्रशिक्षणाचा खर्च मावशीने केला.

आमच्या वणीकडे वेकोलिच्या खाणीत आयटीआयची पोरं ॲप्रेंटिस लागतात. त्यांना दर महिन्याला विद्यावेतन मिळतं, कारण १९६१ पासून तसा कायदा आहे. वाहिनीतल्या पोराला 'इंटर्न' म्हटलं की तो ॲप्रेंटिस उरत नाही आणि विद्यावेतनाचा प्रश्नच मिटतो. श्रमिक पत्रकारांचा १९५५ चा कायदाही वर्तमानपत्रांपुरताच होता. टीव्हीवाले त्यात नव्हते.

म्हणजे मुंबईत ज्याचं घर किंवा मावशी आहे, तोच टीव्ही शिकणार. मग न्यूजरूममध्ये "केस बसत नाई" याचा अर्थ कळणारं कोण असणार? मी तरी कुठे टिकलो म्हणा. कायमची नोकरी देतो देतो म्हणत वर्ष काढलं, शेवटी परत आलो आणि जिल्ह्याच्या पेपरात लागलो.

मुलीला एवढंच सांगितलं की जा, पण आधी राहायचं बघ. आणि लॉगिंग दिलं तर तोंड वाकडं करू नको, सगळं लिही, कोणी वाचो न वाचो.

काल तिचा मेसेज आला. कल्याणला तिच्या आईचे चुलत मामा आहेत, ते तीन महिने ठेवून घ्यायला तयार झालेत. तिच्याच वर्गातली दुसरी एक मुलगी आहे, हिच्यापेक्षा चांगलं लिहिते. तिचं मुंबईकडे कुणीच नाही. तिने अर्जच केला नाही.