कापशीची जबानी

मुक्या जनावराच्या दुखण्याचा निर्णय करणे म्हणजे पक्षकाराची जबानी न घेता दाव्याचा निकाल लावणे होय, असे आमचे तात्या म्हणत. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे लोटली होती. तरी घरातील कोणतीही बाब, मग ती पापडांच्या वाळवणाची का असेना, अर्ज, चौकशी, सुनावणी आणि हुकूम या क्रमाने गेल्यावाचून निकालात निघत नसे. या खोडीचा आम्हां सर्वांना उबग आलेला होता. पण कापशीच्या बाबतीत तिचाच खरा उपयोग झाला.

कापशी ही पॉमेरेनियनच्या वळणाची, परंतु निःसंशय संमिश्र कुळातील, जेमतेम 5 किलो वजनाची पांढरी कुत्री. शनिवार पेठेतील एक जुना वाडा पाडून तेथे इमारत उठायची होती. बिऱ्हाडकरू आपापले सामान घेऊन कोथरूडकडे गेले आणि ही जिन्याखालच्या अंधारात तशीच राहिली. काकूंनी तिला घरी आणून न्हाऊ घातले, तेव्हा केसांच्या भाराखाली झाकलेले शरीर दिसले : पुढचा डावा पाय मनगटाच्या किंचित वर बाहेरच्या अंगास वळलेला, मागची उजवी मांडी डावीच्या मानाने पार सुकलेली, आणि कंबर एका बाजूस कललेली. ती तीन पायांवर चाले. मागचा उजवा पाय तोल जाऊ लागला म्हणजे तेवढ्यापुरता टेकवी.

शामक औषध देऊन क्ष-किरणांची चित्रे काढली, तेव्हा त्या चिमुकल्या देहाचे सारे दप्तरच उघडले. पुढच्या पायाची दोन्ही हाडे मोडून वाकडी सांधलेली. कटीचे हाड मोडून जुळताना आतला मार्ग अरुंद झालेला. मागच्या उजव्या मांडीच्या हाडाचा गोळा मानेशी तुटून विरूप झालेला आणि खुब्याच्या खोबणीत हाडावर हाड घासत असलेले. शिवाय दोन फासळ्यांवर जुन्या मोडीच्या गाठी. डॉक्टरांनी चित्र उजेडासमोर धरून एवढेच सांगितले की, या साऱ्या मोडी एका वेळच्या नाहीत. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाचे भाऊ सरमा या देवशुनीच्या पोराला विनाकारण मारतात. त्याने हविर्द्रव्य चाटलेले नव्हते, त्याकडे पाहिलेदेखील नव्हते, आणि ते पोर रडत आईकडे जाते. सरमेने निदान सत्रमंडपात जाऊन जाब विचारला आणि शाप दिला. कापशीच्या वतीने जाब विचारावा असा मनुष्य आम्हांला सापडला नाही.

आता प्रश्न उभा राहिला तो यांपैकी कशावर उपचार करायचा हा. घरातील प्रत्येकाची दृष्टी साहजिकच त्या वाकड्या पुढच्या पायावर खिळली होती, कारण तोच डोळ्यांना खुपत होता. शेजारच्या वैद्यबुवांनी तर ग्रंथाधारच दिला. विषम सांधलेले हाड पुन्हा मोडून नीट बसवावे आणि मग ताज्या भग्नाप्रमाणेच त्याची चिकित्सा करावी, असे सुश्रुताने चिकित्सास्थानात स्पष्ट सांगितले आहे. आणि सांधा दृढ होण्यास लहान वयात एक महिना, मध्यम वयात दोन व उतारवयात तीन महिने लागतात, हा हिशेबही तेथेच दिला आहे. वैद्यबुवांच्या मते कापशी मध्यम वयाची. सबब दोन महिन्यांचा प्रश्न.

डॉक्टरांनी सुश्रुताचा मान राखला, पण अर्ज नामंजूर केला. त्यांचे म्हणणे असे की, लहान जातीच्या कुत्र्यांत मनगटालगतच्या या हाडांवर मांसाचे आवरण नावालाच असते, तेथे रक्ताचा पुरवठा बेताचा, आणि म्हणून नवी मोडदेखील तेथे पुष्कळदा सांधत नाही. मग जी एकदा निसर्गाच्या कृपेने कशीबशी सांधली आहे, ती जाणूनबुजून मोडण्याचे धाडस कोणी करावे? चित्रात त्यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. वाकडेपणाच्या आतल्या अंगास हाडाची भिंत जाड झाली होती. ज्या बाजूवर भार पडतो त्या बाजूस हाड स्वतःची घडण बदलून घेते, हा नियम ज्युलियस वोल्फ नावाच्या जर्मन शल्यवैद्याने 1892 साली ग्रंथरूपाने मांडला. आमच्या कापशीने तो आपल्या पायावर सिद्ध करून ठेवला होता. पाय दिसण्यात वाकडा होता, वापरात पुरता होता.

"मग दुखतंय काय तिला, ते कोण सांगणार?" तात्यांनी विचारले. "जिचा दावा, तिची जबानी नको?"

डॉक्टर हसले, पण त्यांनी हा प्रश्न गंभीरपणे घेतला, आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणाचा निकाल त्याच क्षणी लागला. त्यांनी पंधरवड्याची मुदत दिली. पहिला आठवडा काहीच न देता नुसते पाहायचे : कोणता पाय ती उचलते, उठताना कोणत्या कुशीवरून उठते, कोठे चाटते, कोठे हात लावला की मान वळविते. दुसऱ्या आठवड्यात जेवणाबरोबर वेदनाशामक औषधाचे मोजके थेंब. काकूंनी मध्येच घरातली माणसांची अंगदुखीची गोळी पाव तुकडा देऊ का म्हणून विचारले, तेव्हा डॉक्टरांचा आवाज प्रथमच चढला; त्या जातीच्या गोळीने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, असे त्यांनी बजावले.

तात्यांनी वही घातली. समासात वार, मध्ये तपशील, खाली सही. पहिल्या आठवड्याच्या नोंदी एकसुरी होत्या. पुढच्या पायाविषयी तक्रारीचा उल्लेख नव्हता, मनगट दाबले तरी ती शेपूट हलवी. खुब्याकडे हात गेला की मात्र ओठ किंचित वर जाई. दुसऱ्या आठवड्यात औषध लागू पडताच तिने असे काही केले की, जे ती कधी करीत नाही हेच आमच्या ध्यानात आले नव्हते : ती बसली आणि मागच्या उजव्या पायाने तिने कान खाजविला. पुढे पाटावर चढली. पुढचा पाय जसा होता तसाच, वाकडा आणि निर्वेध चालत राहिला. "जबानी पुरी," असा शेरा तात्यांनी त्या पानाखाली मारला.

तरीही डॉक्टरांनी सुचविलेल्या खुब्याच्या शस्त्रक्रियेस तात्यांनी मंजुरी दिली ती दुसऱ्या मताचा दाखला मिळाल्यावरच, आणि त्यासाठी 1886 साली स्थापन झालेल्या परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाखेरीज दुसरे कोणतेही ठिकाण त्यांना विचारार्ह वाटेना. तेथेही तेच मत पडले. विरूप झालेला गोळा नीट करण्याच्या भरीस पडू नये, तो मुळापासून काढून टाकावा. मग भोवतालचे स्नायू आणि तंतुमय ऊतक मिळून एक कामचलाऊ सांधा तयार करतात, आणि शरीर हलके असल्यास त्यावर जनावर सुखाने चालते. असल्या रुग्णाला हलका देह हे भाग्यच म्हणायचे. कटीचा मार्ग अरुंद असल्याने पिले अडकण्याचे भय होते, म्हणून गर्भाशयही काढावे असे ठरले. मलावरोधासाठी भातात उकडलेला लाल भोपळा कायमचा लागू झाला.

शस्त्रक्रियेनंतर घरात खरा कसोटीचा काळ आला, तो काकूंचा. मोडलेल्या हाडाला विश्रांती हवी ही पिढ्यानपिढ्यांची समजूत, आणि येथे डॉक्टरांचा हुकूम नेमका उलटा : टाके भरत आले की पाय रोज हळूहळू लांबवायचा, आखडायचा, आणि तिला पट्ट्याने धरून इतके सावकाश चालवायचे की तो पाय टेकल्यावाचून तिची सुटका होऊ नये, भरभर चालले की कुत्रे तीन पायांवर काम भागविते. उचलून घेण्यास सक्त मनाई होती. अंगणातल्या तुळशीभोवती काकू आणि कापशी अशा गतीने प्रदक्षिणा घालीत की, वैद्यबुवांना ते व्रत वाटले. मांडी भरायला पावसाळा गेला आणि दिवाळी आली. किंचित लंगडेपणा राहिला. गारठ्यात तो वाढे, आणि मग थेंब पुन्हा सुरू होत, त्यापूर्वी रक्ताची तपासणी होई.

ती आमच्याकडे पुष्कळ वर्षे राहिली आणि म्हातारी झाली. शेवटी दुखणे आले ते हाडांचे नव्हेच. लहान कुत्र्यांना वार्धक्यात हटकून गाठणारी हृदयाच्या झडपेची व्याधी तिला जडली. छातीत साचणारे पाणी उतरावे म्हणून जे औषध दिले जाई, त्याने तिला रात्रीतून वारंवार लघवीला जावे लागे. तेव्हा आपल्या चारी पायांवर ती तात्यांच्या खाटेशी येई, पुढच्या वाकड्या पायाने खाटेची पट्टी खरवडी, आणि तात्या चष्मा शोधेपर्यंत दाराशी जाऊन, कडी काढायला एवढा वेळ का, म्हणून भुंकू लागे.