दिवसा हसतो, रात्री रुसतो!

आमच्या घरात आजमितीला पाच रिमोट आहेत. टीव्हीचा, त्याच्या डब्याचा, दोन पंख्यांचे आणि पाचवा समोरच्या शटरचा. पहिले चार बिघडले तर घरातली माणसं एकमेकांवर चिडतात, एवढंच. पाचवा बिघडला की गाडी आत आणि आपण बाहेर, किंवा आपण सगळेच आत!

ढाणकीसारख्या गावात मोटरचं शटर कशाला, असं तुम्ही म्हणाल. आमची समोरची खोली पूर्वी कापसाची. दिवाळी झाली की छतापर्यंत कापूस भरलेला असायचा. पुढे तिच्यात गाडी आली, लाकडी दार जाऊन लोखंडी शटर आलं, आणि यांचा खांदा धरल्यावर शटरला मोटर बसली. बटण दाबलं की शटर खडखडत वर जातं. सुरुवातीला गल्लीतली पोरं बघायला जमायची.

दीड वर्ष सुरळीत गेलं आणि मग या शटरनं नवं नाटक सुरू केलं. दिवसा अगदी शहाण्यासारखं वागायचं. रस्त्याच्या पलीकडून बटण दाबलं तरी उघडायचं. दिवेलागण झाली की रुसायचं! दहा वेळा दाबा, रिमोट उंच धरा, शटरला टेकवा, ढिम्म हलायचं नाही. घरात ज्याचं त्याचं मत. हे म्हणाले, सेल उतरला. सेल बदलला, तरी तेच. सासूबाई म्हणाल्या, ‘‘त्याला रातचं दिसत नसंल माय!’’ मिस्त्रीला फोन केला, तर त्यानं न बघताच निकाल दिला, ‘‘बोर्ड गेला वहिनी, नवा टाकावा लागेल.’’ बोर्डाची किंमत ऐकून हे म्हणाले, हळद विकली की बघू.

आणि हे हळद घेऊन वसमतच्या बाजाराला गेले, त्याच रात्री सासूबाईंना दम लागला. दम्याचं दुखणं जुनं, पण त्या रात्री पंपानं आराम पडेना. ओठ काळसर दिसायला लागले. उमरखेडला नेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. गाडी मला येते, ती प्रश्नच नव्हती. प्रश्न शटरचा. रिमोट नेहमीप्रमाणे रुसलेला. म्हणून आतल्या दारानं खोलीत जाऊन भिंतीवरचं बटण दाबलं. शटर दोन फूट वर गेलं आणि लाइन गेली!

मोटर बसवली तेव्हा मी मिस्त्रीच्या मागे उभी राहून एकच विचारलं होतं, ‘‘लाइन नसली तर?’’ त्यानं कोपऱ्यातली साखळी दाखवली होती. तीच आता कामाला आली. आधी शटरचा मेन स्विच बंद केला. आपण साखळी ओढत असताना अचानक लाइन आली आणि मोटर फिरली तर हात जायचा. मग मोबाईलच्या उजेडात हातावर हात टाकत साखळी ओढली. एका ओढीला शटर बोट-दोन बोटं सरकतं. दंड भरून आले, पण गाडी निघाली. सासूबाईंना वेळेवर ऑक्सिजन मिळाला, तिसऱ्या दिवशी त्या घरी आल्या.

त्यानंतर मात्र मी ठरवलं, या रुसव्याचा छडा लावायचाच. हळद विकायची वाट बघायची नाही.

मैत्रिणींनो, या यंत्राचा संसार समजायला सोपा आहे. त्यात तिघं असतात. बोलणारा, ऐकणारा आणि राबणारा. बोलणारा म्हणजे रिमोट. ऐकणारा म्हणजे मोटरजवळची छोटी पेटी, तिच्यातून एक बारीक वायर लोंबत असते, तो तिचा कान. राबणारी ती मोटर. काम अडलं की तिघांपैकी कोण अडलंय एवढं आधी शोधायचं.

भिंतीवरचं बटण दाबून शटर चालत असेल तर राबणारा ठणठणीत आहे. आमचं चालत होतं. म्हणजे मोटर सुटली. (तीन-चार वेळा लागोपाठ वरखाली केल्यावर शटर थांबलं तर घाबरू नका. मोटर तापली की आपोआप बंद पडते. अर्धा तास निवू द्या.)

मग बोलणारा. बटण दाबल्यावर रिमोटचा बारीक दिवा लागतो का? लागत नसेल किंवा मिणमिणत असेल तर सेल बदला. जुना सेल दुकानात सोबत न्यावा. कुठे २३ ए नावाचा १२ व्होल्टचा बुटका सेल असतो, कुठे बटणासारखा चपटा, सीआर २०३२. या आकड्यात त्याचं मापच आहे बरं का! २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. सेल बसतो तिथल्या पत्र्यावर हिरवट-पांढरा थर आला असेल तर मुलांच्या खोडरबरानं हलकेच घासून काढा. आमचा दिवा लख्ख लागत होता. शिवाय कपाटातला दुसरा रिमोट काढून बघितला, तोही रात्री तसाच मुका. दोन्ही बोलणारे एकाच वेळी कसे बिघडतील? म्हणजे दोष कानाकडे.

इथे एक गोष्ट समजून घ्यावी. टीव्हीचा रिमोट न दिसणाऱ्या प्रकाशानं बोलतो, म्हणून मध्ये कोणी उभं राहिलं की चॅनल बदलत नाही. शटरचा रिमोट बोलतो रेडिओलहरींनी, बहुधा ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास. या लहरी भिंतीतून जातात. आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात अशाच लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. तेव्हा आमच्या शटरला ‘रातचं दिसत नाही’ हे खरं नव्हतं. त्याला रात्री ऐकू येत नव्हतं!

आता रात्री ऐकू न यायला काय होतं? स्वयंपाकघरात मिक्सर चालू असला की बाहेरची हाक आपल्याला ऐकू येत नाही. तसाच गलका तिथे कोण करत असेल? दिवसा नसतो आणि रात्री असतो असा त्या खोलीत होता एकच जण, दिवा! महिन्याभरापूर्वी मुलानं जुनी ट्यूब काढून पेटीच्या अगदी शेजारी स्वस्तातला एलईडी बल्ब लावला होता. अशा बल्बच्या बुडात वीज उतरवणारं एक चिमुकलं सर्किट असतं. ते हलक्या प्रतीचं असलं की बल्ब नुसता उजेड देत नाही, सतत रेडिओची खरखरही करतो. आपल्याला ती ऐकू येत नाही, पेटीच्या कानात मात्र तीच भरून राहते.

संध्याकाळी दिवा लावला. रिमोट दाबला. शटर ढिम्म. दिवा घालवला. रिमोट दाबला. शटर वर! दिवा लावला, पुन्हा ढिम्म. पाच वेळा करून बघितलं. सासूबाई खुर्चीवरून बघत होत्या. म्हणाल्या, ‘‘भूत सापडलं म्हन की!’’

बल्ब चांगला आणून समोरच्या भिंतीवर लांब लावला आणि पेटीची गुंडाळून ठेवलेली वायर सरळ खाली सोडली. त्या दिवसापासून आजपर्यंत शटर रात्रीही रस्त्यापलीकडून ऐकतं. खर्च बल्बाचा. बोर्ड जुनाच आहे.

तुमच्याकडे दोष यातला नसेल, तर रिमोट पेटीशी ओळख विसरलेला असू शकतो. पेटीवर त्यासाठी छोटं बटण असतं. ते दाबून, मग रिमोटचं बटण दाबून ओळख पुन्हा करून देता येते. पद्धत यंत्रागणिक वेगळी, म्हणून सोबत आलेलं पत्रक जपून ठेवा. पेटी उघडणं मात्र मिस्त्रीचंच काम. आत २३० व्होल्ट असतात.

आणि घरात लहान मूल असेल तर एक काळजी घ्याच. चपटा सेल गिळला आणि घशात अडकला तर दोन तासांत आतून भाजतो. उलटी करवू नका, घरगुती उपायात वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा. उतरलेले सेलसुद्धा पोरांच्या हाती लागू देऊ नका.

आता आमच्याकडे एक नियम आहे. दर महिन्याच्या एक तारखेला शटर साखळीनं उघडायचं, आणि ते घरातल्या प्रत्येकानं. मुलगीही ओढते, मुलगाही ओढतो. एक रिमोट यांच्या खिशात, दुसरा देवघराशेजारच्या खुंटीवर. सुखसोयी घरात जरूर याव्यात. पण दार उघडायची युक्ती एकाच माणसाच्या खिशात राहू नये, आणि नुसत्या विजेच्या भरवशावर तर नाहीच नाही. तुमच्या घरची साखळी कुठे आहे, ते आज चहा झाल्यावर एकदा बघून घ्या.