गल्ल्यातली चिठ्ठी

श्रावणातल्या एका सकाळी गुलमंडीवरील आमच्या कापड दुकानाचा गल्ला उघडला, तेव्हा रोकडवहीवर घडी घातलेला कागद होता. ‘मी जात आहे. पैसे माझ्या वाढदिवसाचे आहेत. शोधू नका.’ अक्षर पुतण्याचे होते. त्याला अठरा वर्षे पूर्ण व्हायला चार महिने उरले होते.

भाईसाहेबांनी कागद खिशात घातला आणि दुकान नेहमीसारखे चालू ठेवले. “पोलिसांत जायचे नाही. मुलीची सोयरीक ठरायची आहे,” एवढेच ते म्हणाले. नातेवाइकांना आडून आडून विचारण्यात दुपार उलटली. ते तास आठवले की आजही माझी मलाच लाज वाटते.

अखेर मी परस्पर आमच्या वकील स्नेह्यांकडे गेलो. गुन्हा नोंदला तर मुलाच्या नावाला डाग लागेल, ही माझी भीती ऐकून ते चिडलेच. घर सोडणे हा मुलाचा गुन्हा नव्हे, हे त्यांनी मला दोनदा ऐकवले. हरवलेल्या प्रत्येक बालकाबाबत अपहरणाची शक्यता गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजीच सांगितले आहे. तो गुन्हा मुलावर नसतो, मुलासाठी असतो.

तक्रार दिली आणि दोन तासांत पत्ता लागला. मध्यरात्री मनमाड स्थानकावर पुण्याच्या गाडीची वाट पाहत असताना रेल्वे सुरक्षा दलाने त्याला हटकले होते. घरचा फोन सांगायला त्याने साफ नकार दिला होता. आम्ही गप्प होतो तोवर तोही गप्पच होता.

बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार घरातून निघून गेलेले मूल हे ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ ठरते. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीसमोर हजर करावे लागते. आम्ही तिथे पोहोचलो. भाईसाहेब म्हणाले, “मुलगा माझा आहे, घेऊन जातो.” समितीच्या सदस्या शांतपणे म्हणाल्या, “आधी त्याच्याशी बोलू, मग आपल्याशी.” ज्यांच्यासाठी सारा बाजार थांबतो ते माझे बंधू बाहेरच्या बाकावर बसून राहिले. सूर्यास्त जवळ आला. चौविहाराची वेळ होईल म्हणून मी डबा पुढे केला. त्यांनी तो उघडलाही नाही.

पुण्यातल्या ज्या वीस वर्षांच्या मित्राकडे तो निघाला होता, त्याच्यावर खटला भरायचा, असा धोशा त्यांनी वाटेतच लावला होता. अठराखालील मुलाला पालकांच्या ताब्यातून नेणे किंवा फूस लावणे हा भारतीय न्याय संहितेच्या १३७व्या कलमाखाली गुन्हा आहेच. पण वकीलसाहेबांनी फोनवर एस. वरदराजन खटल्याची आठवण दिली. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘नेणे’ आणि समजत्या वयाच्या अज्ञान व्यक्तीला, ती स्वतःहून आली असता, ‘सोबत येऊ देणे’ यांत भेद केला होता. इथे तर तिकीटही पुतण्याने स्वतःच काढले होते. “आणि चार महिन्यांनी गेला असता,” ते पुढे म्हणाले, “तर पोलिसांनी जबाब घेऊन त्याला सोडून दिले असते. मग काय केले असते?”

आत मुलाने सांगितले ते नंतर आम्हांलाही ऐकवले गेले. वास्तुकलेच्या महाविद्यालयात त्याला प्रवेश मिळाला होता. फी भरण्याची मुदत भाईसाहेबांनी मुद्दाम टळू दिली होती. घरात हे मला ठाऊक होते, आणि मी बोललो नव्हतो.

हमीपत्र लिहून दिल्यावर मुलगा आमच्या ताब्यात मिळाला. घरी आईसाहेबांनी त्याला जवळ घेतले आणि मग रागेही भरल्या: “भगवंतांनीसुद्धा थोरल्या भावाची अनुमती मागितली होती रे!” श्वेतांबर परंपरेतली ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. नंदिवर्धनांनी वर्धमानांना दोन वर्षे थांबायला सांगितले आणि ते थांबले. मी न राहवून म्हणालो, “आईसाहेब, पण त्यांनी नंतर अनुमती दिली होती.”

कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी दुकान बंद करताना भाईसाहेबांनी वहीतून मान वर न करता मला विचारले, “त्या कॉलेजची पुढच्या वर्षीची फी किती असेल?”