मशीन नव्हे, व्होल्टेज आजारी

भाच्याने खाणावळीसाठी नवा इलेक्ट्रिक स्मोकर घेतला. रात्री तो 80 अंशांपुढे जाईना. सगळे म्हणाले, "पीस खराब, परत पाठव."

आधी मल्टिमीटरने कॉइल तपासलं. 66 ओहम, म्हणजे 800 वॅटला अगदी बरोबर. एक्स्टेंशन काढून थेट भिंतीच्या प्लगला लावलं, तरी तेच. मग व्होल्टेज मोजलं. रात्री आठला 180! शेजाऱ्यांकडेही तेवढंच. दुपारी तीनला 226, आणि तेव्हा हाच स्मोकर झकास 110 ला गेला.

हिशोब सोपा आहे मंडळी. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. 230 ऐवजी 180 मिळाले तर 800 वॅटचं कॉइल जेमतेम 490 वॅट देतं. आणि कोंबडी आतून 74 अंशांपर्यंत गेली नाही, तर खाणाऱ्याच्या पोटाशी खेळ.

दोष दुकानदाराचा नाही, रात्री लाइनवर पडणाऱ्या लोडचा आहे. वीज कायदा 2003, कलम 57 प्रमाणे सेवेचे निकष पाळले नाहीत तर ग्राहकाला भरपाई मागता येते. तोंडी सांगून काही होत नाही. आठवडाभर रोज रात्री आठचं व्होल्टेज लिहून ठेवा, फोटो काढा. सगळ्या गल्लीचा मिळून एकच अर्ज देऊ. पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही.